वनशिबिरस्थळ

डोंगराळ वनप्रदेशात, बहुधा ओढ्याच्या किंवा लहान नदीच्या काठी, प्रवाशांना तंबू ठोकून काही रात्री मुक्काम करता यावा म्हणून आखून दिलेली जागा. सैन्याची छावणी, यात्रेकरूंचा तळ किंवा भटक्या जमातींचे पाल यांपासून वनशिबिरस्थळ वेगळे मानले जाते. तेथे येणारा मनुष्य गरजेपोटी नव्हे, तर विरंगुळ्यासाठी आलेला असतो आणि जागा त्याने निवडलेली नसून वनखात्याने वा उद्यान-व्यवस्थापनाने आधीच ठरवून दिलेली असते. अशा स्थळांचा सर्वाधिक विस्तार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात झाला. रॉकी, कॅस्केड आणि सिएरा नेव्हाडा या पर्वतश्रेणींतील राष्ट्रीय वनांमध्ये ओढ्याकाठची शिबिरस्थळे मोठ्या संख्येने आढळतात व त्यांपैकी बहुतेकांची नावेही त्या त्या ओढ्यावरूनच पडलेली आहेत.

ओढ्याकाठची निवड : पाणी, सावली, थंडावा आणि प्रवाहाचा अखंड नाद ही या निवडीची उघड कारणे होत, परंतु तिच्यामागे भूरचनेचेही एक कारण आहे. तंबूस सपाट जागा लागते व तीव्र उताराच्या खोऱ्यात अशी जागा ओढ्याच्या काठाशिवाय सहसा मिळत नाही. ही सपाटी पाण्यानेच घडविलेली असते. पुराच्या वेळी प्रवाह पात्राबाहेर पसरतो, त्याचा वेग मंदावतो आणि वाळू, गोटे व गाळ काठावर साचत जाऊन पूरमैदान तयार होते. उपओढा मुख्य खोऱ्यास मिळतो तेथे उतार एकाएकी कमी झाल्याने दगडगोट्यांचा पंख्याच्या आकाराचा निक्षेप बनतो. त्यास जलोढ पंखा म्हणतात. तंबूस सोयीची वाटणारी जागा म्हणजे पुष्कळदा अशा एखाद्या जुन्या पुराची खूणच असते. ओढ्याकाठच्या शिबिरस्थळांची आखणी, त्यांचे नियम आणि तेथे घडलेल्या दुर्घटना यांचा उलगडा या एका गोष्टीवरून बऱ्याच अंशी होतो.

काठावरील वनस्पतिसृष्टीही वेगळी असते. कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर अल्डर, मोठ्या पानाचा मॅपल आणि तांबडा सीडार, तर रॉकी पर्वतात वाळुंज, कॉटनवुड व उंचावर एंगेलमान स्प्रूस हे वृक्ष ओढ्यालगत वाढतात. त्यांची मुळे काठ धरून ठेवतात आणि सावलीमुळे पाणी थंड राहते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळत असल्याने ट्राउट मासे तेथे टिकून राहतात. कोरड्या पर्वतप्रदेशात ही हिरवी पट्टी काही मीटरच रुंद असते. मात्र वन्य प्राणी व पक्षी मोठ्या प्रमाणावर तिच्यावर अवलंबून असतात. तंबूसाठी माणूस नेमकी तीच पट्टी निवडतो.

इतिहास : विरंगुळ्यासाठी रानात राहण्याची कल्पना औद्योगिक शहरांबरोबर वाढीस लागली. बॉस्टनचे धर्मोपदेशक विल्यम हेन्री हॅरिसन मरी यांनी १८६९ मध्ये ॲडिराँडॅक पर्वतातील भ्रमंतीवर एक पुस्तक लिहिले. ते वाचून शहरवासीयांची त्या प्रदेशाकडे एवढी रीघ लागली, की तेथील उतारशाळांची क्षमता अपुरी पडली. इंग्लंडमध्ये टॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) या व्यवसायाने शिंपी असलेल्या गृहस्थांनी हलके तंबू तयार करून सायकलवरील शिबिरवासाचा प्रसार केला. बालपणी त्यांनी आईवडिलांसोबत अमेरिकेची गवताळ मैदाने गाड्यांच्या तांड्यातून ओलांडली होती. त्यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये शिबिरवासी सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली आणि १९०८ मध्ये त्यांचा शिबिरवासावरील मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरविले, त्यातून बालवीर चळवळीचा उगम झाला. तथापि या सर्वांच्या मते शिबिराची जागा ज्याने त्याने शोधावयाची होती.

ही स्थिती मोटारगाडीमुळे पालटली. ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या घळईतून महामार्ग तयार होताच पोर्टलंड शहरातील लोक सुटीच्या दिवशी मोटारीने रानात येऊ लागले. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या वनसेवेने १९१६ मध्ये ईगल क्रीक या ओढ्याच्या मुखाजवळ मेजे, संडास आणि मोटारी उभ्या करण्याची जागा यांची सोय केली. वनसेवेने सोयींसह उभारलेले हे पहिले शिबिरस्थळ मानले जाते. लाकूड, कुरणे आणि पाणी यांचे व्यवस्थापन करणाऱ्या खात्याला प्रवाशांची व्यवस्था पाहणे प्रारंभी गौण वाटत होते व त्यासाठी काँग्रेसकडून निधीही मिळत नसे. १९१९ मध्ये नेमणूक झालेले आर्थर कारहार्ट (१८९२–१९७८) हे वनसेवेचे पहिले पूर्णवेळ स्थलशिल्पज्ञ होत. त्यांनी कोलोरॅडोतील सान इझाबेल राष्ट्रीय वनात एकेका जागेचा सुटा विचार न करता संपूर्ण खोऱ्याचा आराखडा केला. रस्ता, पायवाटा, मुक्कामाच्या जागा आणि निसर्गदृश्ये यांची त्यात एकत्र सांगड घातलेली होती. सरकारी निधीअभावी प्वेब्लो शहरातील नागरिकांनी १९१९ मध्ये संस्था स्थापून पैसा उभा केला आणि स्क्विरल क्रीक या अरुंद घळईत ओढ्याच्या दोन्ही काठांवर शिबिरस्थळ आकारास आले. कारहार्ट यांची दृष्टी काळाच्या पुढे होती, हे मान्य करावेच लागते. पण ओढ्याच्या पुराचे मान मात्र त्या आराखड्यात पुरेसे धरले गेले नाही. १९४७ च्या पुरात घळईतील रस्ता आणि शिबिरस्थळाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. दगडी चुलींचे व बांधकामाचे काही अवशेष तेथे आजही दिसतात.

माइनेके यांचे संशोधन : पुरापेक्षा कितीतरी मंद गतीने होणाऱ्या दुसऱ्या एका ऱ्हासाकडे एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ञांनी लक्ष वेधले. कॅलिफोर्नियातील रेडवुड उद्यानांत प्रवाशांच्या वर्दळीचा वृक्षांवर काय परिणाम होतो याविषयी त्यांनी १९२८ मध्ये अहवाल सादर केला. कुऱ्हाड किंवा वणवा यांचा मागमूसही नसलेल्या ठिकाणी वृक्ष निस्तेज का होत आहेत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्याचे उत्तर मातीत सापडले. वनातील मातीचा वरचा थर पालापाचोळा आणि कुजकट द्रव्य यांमुळे सच्छिद्र असतो व पाणी शोषणारी बारीक मुळे त्याच थरात पसरलेली असतात. पावलांनी, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मोटारींच्या चाकांनी, ही माती दडपली जाते. छिद्रे मिटल्यामुळे पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही आणि मुळे गुदमरतात. वृक्ष लगेच मरत नाही. काही वर्षे त्याची वाढ खुंटते, शेंडा वाळतो, कीड लागते आणि अखेरीस तो वठतो. तोपर्यंत त्याच्याखाली मुक्काम केलेली माणसे केव्हाच निघून गेलेली असतात; त्यामुळे आपण झाड मारले हे कोणाच्याच ध्यानी येत नाही. उजाड झालेली जागा सोडून पुढचा प्रवासी शेजारच्या हिरव्या जागेवर गाडी नेतो आणि तोच क्रम तेथे सुरू होतो.

माइनेके यांनी १९३२ मध्ये सुचविलेला उपाय साधा होता. शिबिरवासीयास उपदेश करून फारसे साधत नाही. जागेची रचनाच अशी करावी, की त्याला योग्य ठिकाणीच थांबणे सोयीचे वाटावे. शिबिरस्थळातून एकेरी वाहतुकीचा वळणाचा रस्ता न्यावा, त्यास तिरकस जोडलेली एकेका मोटारीपुरती आखूड वाट ठेवावी आणि तिच्या दोन्ही अंगांना मोठे दगड वा ओंडके पुरून मोटार पुढे जाऊ देऊ नये. मेज व चूल हलविता येणार नाहीत अशा रीतीने जमिनीत पक्की करावीत आणि तंबूची जागा त्यांच्या अनुरोधाने ठरवून द्यावी. दोन मुक्कामांच्या मधली झुडपे राखावीत, म्हणजे एकांतही मिळतो आणि मुळांना मोकळी मातीही मिळते. १९३३ ते १९४२ या काळात कार्यरत असलेल्या नागरी संवर्धन दलातील बेकार तरुणांनी या तत्त्वावर असंख्य शिबिरस्थळे बांधली. जगभरच्या शिबिरस्थळांवर आज दिसणारा क्रमांकाचा खांब, पक्के मेज, लोखंडी कड्यातील चूल आणि गाडीची तिरकस वाट हा सरंजाम मुख्यत्वे माइनेके यांच्या आराखड्यातून आलेला आहे.

पुढे डेव्हिड कोल व इतर संशोधकांच्या पाहणीत असे आढळले, की हानी आणि वापर यांचे प्रमाण सरळ नसते. अस्पर्श जागेवर थोड्याच रात्रींच्या मुक्कामाने बहुतेक झुडपे व गवत नष्ट होते. त्यानंतर वापर कितीही वाढला तरी हानीत पडणारी भर तुलनेने अल्प असते. म्हणूनच गर्दी रानभर विखुरण्यापेक्षा ती ठरावीक जागी एकवटावी, हे धोरण रूढ झाले. काही जागांचा त्यात बळी जातो, ही गोष्ट नाकारता येत नाही. ओढ्याच्या काठाचा असा बळी देणे मात्र परवडत नाही. काठ तुडविला गेला की माती थेट पाण्यात जाते, तळाच्या गोट्यांमधील फटी गाळाने बुजतात आणि तेथे घातलेली माशांची अंडी गुदमरतात.

मुक्कामाचे नियम : आखलेल्या जागेबाहेर रानात तंबू ठोकावयाचा असल्यास तो पाण्यापासून किमान ६० मी. अंतरावर असावा, असा दंडक अमेरिकेत सर्वत्र सांगितला जातो. भांडी आणि अंग धुण्याचे पाणीही तेवढ्याच अंतरावर टाकावयाचे असते. विघटनशील म्हणून विकला जाणारा साबणसुद्धा प्रवाहात घालू नये, कारण त्याचे विघटन मातीतील सूक्ष्मजीव करतात. संडास नसेल तेथे मळासाठी १५ ते २० सेंमी. खोल खड्डा घेऊन तो बुजवितात. व्यवस्थापित शिबिरस्थळांवर पूर्वी खोदीव खड्ड्याचे संडास असत. त्यांतील मैला भूजलातून ओढ्यात उतरू शकतो. यामुळे त्यांच्या जागी आता बंदिस्त काँक्रीटच्या टाकीचे संडास बांधतात. त्यांची काळ्या रंगाची उंच वायुनलिका उन्हाने तापते व दुर्गंधी वर खेचली जाते. राष्ट्रीय वनांत एका स्थळी सलग मुक्कामाची मर्यादा सामान्यतः १४ दिवसांची असते. नॉर्वेत १९५७ च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात कोणालाही तंबू ठोकता येतो. पण तो राहत्या घरापासून १५० मी. दूर असावा लागतो आणि जागामालकाच्या अनुमतीवाचून दोन दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही.

पर्वतातील ओढ्याचे पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसले तरी ते पिण्यास निर्धोक असतेच असे नाही. बीव्हरसारखे वन्य प्राणी, गुरे आणि माणसे यांच्या विष्ठेतून जिआर्डिया या प्रजीवाच्या पुटी पाण्यात येतात व थंड पाण्यात त्या दीर्घकाळ जिवंत राहतात. त्यांपासून होणारा अतिसार काही आठवडे टिकू शकतो. पाणी खळखळून एक मिनिट, आणि सु. २,००० मी. हून अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळणे हा खात्रीचा उपाय आहे. उंचावर पाणी कमी तापमानास उकळत असल्याने हा जादा अवधी द्यावा लागतो.

काठावरची रात्र अपेक्षेहून थंड असते. सूर्यास्तानंतर उतारावरील हवा निवते, जड होऊन खाली घरंगळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. परिणामी ओढ्यालगतच्या तंबूवर दव किंवा हिम साचत असताना वीस-तीस मीटर उंचीवरील पायरीवजा सपाटीवर हवा पुष्कळ सुखद असू शकते. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांची पातळी दुपारनंतर चढते आणि पहाटे सर्वांत कमी असते; त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेला ओढा सायंकाळी अडवून धरतो. तंबूवर वठलेल्या झाडाची छाया नाही ना, हेही जाणती माणसे मेखा ठोकण्यापूर्वी मान वर करून पाहतात.

शेकोटी हे शिबिरवासाचे जणू चिन्हच होऊन बसले आहे. पूर्वी फरच्या कोवळ्या फांद्या तोडून त्यांची शय्या करीत आणि उभ्या झाडांचे जळण तोडीत. आता दोन्ही निषिद्ध आहेत. सरपण दुरून आणण्यासही मनाई असते, कारण ओंडक्यांच्या सालीखालून किडींचा प्रसार होतो. ॲश वृक्षाचा फडशा पाडणारा पाचूसारखा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात आढळला आणि त्याच्या पुढील प्रसारास वाहून नेलेले सरपण मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले. विझविलेल्या चुलीत पाणी ओतून राख ढवळावी आणि ती हाताला थंड लागेपर्यंत जागा सोडू नये, असा नियम आहे. कोरड्या ऋतूत आगीस पूर्ण बंदी केली जाते. उपरोक्त ईगल क्रीकच्या खोऱ्यात २ सप्टेंबर २०१७ रोजी अशी बंदी लागू असताना एका पंधरा वर्षांच्या मुलाने घळईत फटाका टाकला. त्यातून भडकलेल्या वणव्यात सु. २०,००० हेक्टर क्षेत्र होरपळले, ठिणग्या उडून आग कोलंबिया नदीपलीकडेही पोहोचली आणि सु. दीडशे पदभ्रमण करणाऱ्यांना रात्र रानात काढावी लागली.

पुराचा धोका : डोंगरी ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान व उतार तीव्र असल्याने पावसानंतर काही मिनिटांतच पूर येऊ शकतो. पाऊस वरच्या कड्यांवर पडत असताना खाली आभाळ निरभ्र असण्याचीही शक्यता असते. ओढ्याच्या ज्या नादासाठी माणूस काठावर निजतो, तोच नाद पाण्याच्या चढण्याची चाहूल बुजवतो. कोलोरॅडो राज्याच्या शताब्दीच्या पूर्वसंध्येस, ३१ जुलै १९७६ रोजी, बिग टॉम्पसन नदीच्या घळईत सुटीसाठी आलेल्या लोकांची गर्दी होती. सु. चार तासांत ३० सेंमी. च्या आसपास पाऊस कोसळला आणि आलेल्या लोंढ्यात १४४ जण मृत्यू पावले. त्यांतील कित्येकांनी मोटारीने घळईबाहेर निसटण्याचा प्रयत्न केला होता; गाड्या सोडून उतार चढून गेलेले बचावले. पूर आल्यास वर चढा, असे सांगणारे फलक त्यानंतर कोलोरॅडोच्या घळयांतून लावण्यात आले.

फ्रान्सच्या आल्प्समध्ये ल ग्रां-बोर्नां येथे १४ जुलै १९८७ रोजी ओढ्याकाठच्या शिबिरस्थळात पाणी शिरून २३ जण दगावले. स्पेनच्या पिरेनीज पर्वतातील ब्येस्कास येथील दुर्घटना (७ ऑगस्ट १९९६) या विषयात सर्वाधिक बोलकी आहे. तेथील शिबिरस्थळ आरास ओढ्याच्या जलोढ पंख्यावरच वसविलेले होते. वरच्या भागात बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे ओढा काबूत आला आहे, अशी समजूत होती. सायंकाळच्या वादळी पावसात त्यांतील अनेक बंधारे फुटले. त्यांच्यामागे वर्षानुवर्षे साचलेला दगडगोटा आणि चिखल पाण्याबरोबर खाली आला व ८७ माणसे प्राणास मुकली. जागेस अनुमती देणारे शासन त्यास जबाबदार असल्याचा निर्णय न्यायालयाने २००५ मध्ये दिला. अर्कान्सॉ राज्यात वॉशिता पर्वतातील ॲल्बर्ट पाइक येथे ११ जून २०१० च्या पहाटे लिटल मिझुरी नदीची पातळी काही तासांत सु. १ मी. वरून ७ मी. पर्यंत चढली आणि झोपेत असलेल्या शिबिरवासीयांपैकी २० जण वाहून गेले. हवामानखात्याने पुराचा इशारा दिलेला होता. परंतु त्या खोल खोऱ्यात दूरध्वनीचे संदेश पोहोचत नव्हते. संकट पाण्याच्याच रूपाने येते असेही नाही. १७ ऑगस्ट १९५९ रोजी रात्री माँटॅना राज्यातील भूकंपात कडा कोसळून मॅडिसन नदीकाठचे रॉक क्रीक शिबिरस्थळ गाडले गेले. या भूकंपात एकूण २८ जणांचा मृत्यू झाला व त्यांतील बहुतेक त्या दरडीचे बळी होते.

भारत : हिमालयात ओढ्याकाठी मुक्काम करण्याची परंपरा यात्रेकरू, मेंढपाळ व गिर्यारोहक यांच्यामुळे जुनी आहे, विरंगुळ्यासाठीची व्यापारी शिबिरे त्यामानाने अलीकडची होत. हिमाचल प्रदेशात पार्वती नदीच्या खोऱ्यातील कसोल येथे पदभ्रमणाचे तळ असून महाराष्ट्रातील तरुणही उन्हाळी सुटीत तेथे जातात. उत्तराखंडात ऋषिकेश ते कौडियालादरम्यान गंगेच्या वाळूवर उभारल्या जाणाऱ्या शिबिरांवर राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ मध्ये निर्बंध घातले. प्रवाहापासूनचे अंतर आणि मैल्याची विल्हेवाट हेच त्या वादाचे मुख्य मुद्दे होते. काश्मीरमध्ये ८ जुलै २०२२ रोजी अमरनाथ गुहेजवळ अतिवृष्टीने ओढ्यास आलेल्या लोंढ्यात यात्रेकरूंचे तंबू वाहून जाऊन किमान १५ जणांचा मृत्यू झाला. ती वनशिबिरे नसली, तरी तंबू कोठे उभारले गेले होते हा प्रश्न तेथेही तोच होता. सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्यांची पातळी इतक्या झपाट्याने बदलते, की पात्रालगतच्या खडकांवर मुक्काम न करणे हा अनुभवी पदभ्रमंतांचा संकेत आहे.

आता नव्या शिबिरस्थळांची आखणी करताना पूररेषा निश्चित करून तंबूच्या जागा जुन्या नदीपायऱ्यांवर, म्हणजे विद्यमान पूरमैदानाच्या वरच्या सपाटीवर ठेवण्याकडे कल आहे. काठावर फक्त दिवसा बसण्याची सोय ठेवून रात्रीचा मुक्काम वर नेतात आणि तेथून पाण्याकडे एकच बांधीव पायवाट काढतात, म्हणजे उरलेला काठ तुडविला जात नाही. ही योजना लोकांच्या सहसा पसंतीस उतरत नाही. अमेरिकेच्या अनेक राष्ट्रीय वनांत जागा सहा महिने आधी राखून ठेवता येते आणि त्यात पाण्यास लागून असलेल्या जागा सर्वांआधी संपतात.